जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' आणि त्याच्या विशेष आवृत्त्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट रिमेक म्हणावा का, त्याची कोणती डिस्क घ्यावी आणि ती भारतातल्या प्लेअरवर चालेल का, या तीन शंका घेऊन येणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांवरून पुढील पान तयार केले आहे. प्रश्न १ ते १७ चित्रपट न पाहिलेल्यांनीही निर्धास्त वाचावेत. प्रश्न १८ पासून पुढे कथानकाचा उलगडा होतो, म्हणून ज्यांना चित्रपट पहिल्यांदाच पाहायचा आहे त्यांनी तिथे थांबावे.

१. 'द थिंग' नावाचे नेमके किती चित्रपट आहेत? मला चुकीचा तर मिळणार नाही ना?

तीन आहेत, आणि चुकीचा मिळण्याची शक्यता खरोखरच आहे. पहिला १९५१ सालचा कृष्णधवल 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'. त्याचा निर्माता हॉवर्ड हॉक्स, तर दिग्दर्शक म्हणून नाव ख्रिश्चन नायबी याचे. दुसरा १९८२ सालचा, जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केलेला आणि कर्ट रसेलची प्रमुख भूमिका असलेला. हे पान त्याच्याविषयी आहे. तिसरा २०११ सालचा असून तो १९८२ च्या कथेआधी शेजारच्या नॉर्वेजियन तळावर काय घडले ते सांगतो. तिसऱ्याचे नावही हुबेहूब 'द थिंग' असेच ठेवल्यामुळे खरेदी करताना घोटाळा होतो. आवरणावर कर्ट रसेल आणि जॉन कार्पेंटर ही दोन नावे दिसली म्हणजे आपण योग्य डिस्क हातात धरली आहे, असे समजावे.

२. १९८२ चा चित्रपट १९५१ च्या चित्रपटाचा रिमेक आहे की नाही? दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक भेटतात.

व्यवहारात रिमेक म्हणायला हरकत नाही, पण नेमकेपणाने बोलायचे तर तो एका कथेचा दुसरा चित्रपट आहे. मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल याची 'हू गोज देअर?' ही असून ती ऑगस्ट १९३८ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात डॉन ए. स्टुअर्ट या टोपणनावाने छापून आली. अंटार्क्टिकावरच्या तळावर बर्फात गोठलेला परग्रहावरचा जीव सापडतो, तो कोणत्याही सजीवाचे तंतोतंत रूप घेऊ शकतो, आणि मग तळावरच्या माणसांत माणूस कोण आणि सोंग कोण हे कोणालाच कळेनासे होते, असा त्या कथेचा गाभा आहे.

१९५१ च्या चित्रपटाने नेमका हा गाभाच सोडून दिला. त्यातला जीव रूप बदलत नाही; तो वनस्पतीपासून उत्क्रांत झालेला, माणसाच्याच आकाराचा धिप्पाड राक्षस आहे, जेम्स अर्नेस या उंच नटाने रंगवलेला, आणि कथाही दक्षिण ध्रुवाकडून उचलून उत्तर ध्रुवाकडे नेलेली आहे. तिथे भीती दाराबाहेर उभी असते आणि आतली माणसे एकजुटीने तिच्याशी लढतात. कार्पेंटर आणि पटकथाकार बिल लँकेस्टर यांनी १९५१ ला वळसा घालून थेट १९३८ गाठले: अंटार्क्टिका परत आणली, रूप बदलणारा जीव परत आणला, रक्ताची परीक्षा परत आणली, ब्लेअर, कॉपर, गॅरी, नॉरिस, क्लार्क ही नावेसुद्धा परत आणली. इथे भीती जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेली असते, आणि ज्या एकजुटीवर जुना चित्रपट उभा होता तीच या चित्रपटात पहिल्यांदा मोडते.

तरीही कार्पेंटर जुन्या चित्रपटाचा चाहता होता हे लपत नाही. १९७८ च्या 'हॅलोवीन'मध्ये घरातल्या दूरचित्रवाणीवर १९५१ चाच चित्रपट चालू असतो. १९८२ च्या चित्रपटाच्या आरंभी जळत उमटणारी शीर्षकाची अक्षरे जुन्या चित्रपटावरूनच घेतलेली आहेत. पीटर कुरान याने ती धुराने भरलेल्या काचेच्या टाकीमागे प्लास्टिकची पिशवी जाळून साकारली. बर्फावर गोल कडे करून उभी राहिलेली माणसे नॉर्वेजियनांच्या चित्रफितीत दिसतात, तेही त्याच चित्रपटाला केलेले वंदन आहे.

३. मग आधी १९५१ चा पाहावा लागेल का? तो विशेष आवृत्तीत मिळतो का?

पाहण्याची गरज नाही, आणि मिळतही नाही. जुना चित्रपट आरकेओ या कंपनीचा होता आणि त्याची ब्ल्यू-रे वॉर्नरने काढली आहे. १९८२ चा चित्रपट युनिव्हर्सलचा आहे. मालक वेगळे असल्यामुळे दोन्ही एका पेटीत येत नाहीत.

४. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पडला होता म्हणतात. पडलेल्या चित्रपटाच्या इतक्या विशेष आवृत्त्या कशा निघतात?

सपाटून पडला नव्हता, पण ज्या अपेक्षेने काढला होता तिच्या जवळपासही पोहोचला नाही. सुमारे १.५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत १.९६ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला, आणि त्यातला चित्रपटगृहांचा वाटा वजा केला की निर्मात्याच्या हाती फारसे उरत नाही. तो २५ जून १९८२ रोजी लागला. 'ब्लेड रनर' त्याच दिवशी लागला, आणि स्पिलबर्गचा 'ई.टी.' दोनच आठवडे आधी लागून गर्दी खेचत होता. परग्रहावरच्या प्रेमळ पाहुण्यासाठी डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाने त्याच महिन्यात या पाहुण्याकडे पाठ फिरवली, यात नवल नाही. समीक्षकही तुटून पडले. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी याने तो मोडीत काढला. एनिओ मोरिकोनेसारख्या संगीतकाराला सर्वांत वाईट संगीतासाठीच्या रॅझी पुरस्काराचे नामांकन मिळाले. कार्पेंटरच्या हातात असलेला 'फायरस्टार्टर' हा पुढचा चित्रपटही काढून घेण्यात आला.

चित्र पालटले ते घरात. व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणी यांमुळे लोकांनी तो पुन्हा पाहिला, थांबवून पाहिला, मागे नेऊन पाहिला, कोण कधी खोलीतून बाहेर गेला आणि कोणाचा कोट कोणाच्या अंगावर आहे याचे हिशेब मांडले. हा चित्रपट मुळात एकदा पाहून संपणारा नाही आणि चित्रपटगृहात मागे नेण्याची सोय नसते. त्यामुळे माझ्या मते 'द थिंग'च्या बाबतीत घरगुती आवृत्ती हा चित्रपटाच्या इतिहासाचाच अर्धा भाग ठरतो, आणि म्हणूनच ती कशी निघाली याची इतकी चिकित्सा होते.

५. आजवर कोणकोणत्या महत्त्वाच्या आवृत्त्या निघाल्या?

सगळ्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही; ज्यांच्यामुळे काही बदलले तेवढ्याच सांगतो. १९९८ मध्ये युनिव्हर्सलने संग्राहकांसाठीची डीव्हीडी काढली. कार्पेंटर आणि रसेल यांचे समालोचन (चित्रपट चालू असताना सोबत ऐकायचे त्यांचे बोलणे) आणि 'टेरर टेक्स शेप' हा निर्मितीवरचा दीर्घ माहितीपट यांमुळे ती आजही जपून ठेवण्यासारखी आहे. चित्र मात्र जुन्या पद्धतीने साठवलेले असल्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर ते चारही बाजूंनी काळ्या चौकटीत आक्रसलेले दिसते. नंतरच्या डीव्हीडीत ही उणीव दूर झाली. २००८ ची युनिव्हर्सलची ब्ल्यू-रे चित्राच्या दृष्टीने मोठी झेप होती, पण तिच्यात माहितीपट सलग न देता त्याचे तुकडे चित्रपट चालू असताना कोपऱ्यातल्या चौकटीत दाखवण्याची टूम काढली होती, आणि ती मला तरी कधी पटली नाही.

खऱ्या अर्थाने विशेष म्हणाव्यात अशा दोन आवृत्त्या त्यानंतर आल्या. २०१६ मध्ये अमेरिकेत स्क्रीम फॅक्टरी या कंपनीने दोन डिस्कची संग्राहक आवृत्ती काढली. तिच्यासाठी छायाचित्रकार डीन कंडी याच्या देखरेखीखाली नवे टू-के स्कॅन केले गेले (टू-के आणि फोर-के हे चित्राच्या बारकाव्याचे माप; फोर-के अधिक बारीक). २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये अॅरो व्हिडिओने मूळ निगेटिव्हच्या फोर-के स्कॅनवरून केलेले पुनःसंस्करण बाजारात आणले, आणि त्याला कार्पेंटर व कंडी या दोघांची संमती होती. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये युनिव्हर्सलने चित्रपट फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कवर दिला. यांपैकी काय घ्यावे याचे उत्तर प्रश्न ८ आणि प्रश्न १७ एकत्र वाचल्याशिवाय देता येत नाही.

६. या आवृत्त्यांतल्या पूरक सामग्रीत खरोखर पाहण्यासारखे काय आहे? की नुसती भर?

भर पुष्कळ असते हे मान्य. जाहिरातपटांचे संकलन आणि स्थिरचित्रांची दालने एकदा उघडून बंद करण्यापुरतीच असतात. पण तीन गोष्टी चुकवू नयेत.

पहिली, 'टेरर टेक्स शेप' हा ऐंशी मिनिटांहून मोठा माहितीपट. संगणकावर चित्रे घडवण्याच्या आधीचा हा चित्रपट आहे; पडद्यावर दिसणारे प्रत्येक रूपांतर रबर, फोम, यंत्रे, तारा आणि हात यांनी घडवलेले आहे. ही जबाबदारी रॉब बॉटीन या विशीतल्या तरुणाकडे होती. जीवाच्या अंगावरचा तो ओला, चिकट, ओंगळ पोत मेयोनीज, मक्याची पातळ पेस्ट आणि वितळवलेले बबलगम अशा स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी साधला आहे. सुमारे वर्षभर सुट्टी न घेता राबल्यामुळे बॉटीनला अखेर रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कुत्र्यांच्या खोलीतला जीव स्टॅन विन्स्टनच्या चमूने घडवून दिला, आणि हे काम बॉटीनचेच आहे असे म्हणून विन्स्टनने श्रेयनामावलीत स्वतःला वेगळा मान घेतला नाही. आपल्याकडे श्रेयनामावलीवरून होणारी भांडणे पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट अधिकच भावते.

दुसरी, कार्पेंटर आणि रसेल यांचे समालोचन. दोघे जुने मित्र गप्पा मारत बसल्यासारखे बोलतात, हसतात, चिडवतात, आणि बोलता बोलता कामाचे सांगून जातात. चित्रपटाचा आतला भाग लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत, बाहेर कडक उन्हाळा असताना शीत केलेल्या सेटवर चित्रित झाला. बाहेरचा तळ कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, स्ट्युअर्ट या गावाजवळ उन्हाळ्यात उभारून बर्फ पडेपर्यंत तसाच सोडून दिला होता. अमेरिकन तळ जाळून झाल्यावर त्याच्याच जळक्या अवशेषांत नॉर्वेजियन तळाची दृश्ये उरकली, हा काटकसरीचा नमुना तर कोणत्याही मराठी निर्मात्याने दाद द्यावी असा आहे.

तिसरी गोष्ट, स्क्रीम फॅक्टरीच्या आवृत्तीतले डीन कंडीचे स्वतंत्र समालोचन. अंधाऱ्या खोलीत दिवा कुठे ठेवला आणि का ठेवला, एवढ्यावर हा माणूस कंटाळा न आणता बोलत राहतो. ज्यांना छायाचित्रणात रस नाही त्यांनी ते सोडले तरी चालेल.

७. आवरणावर 'फोर-के पुनःसंस्करण' असे लिहिले होते, पण आतून साधी ब्ल्यू-रे निघाली. माझी फसवणूक झाली का?

नाही, मात्र ही शब्दरचना गोंधळ वाढवणारी आहे हे खरे. फिल्मची निगेटिव्ह कोणत्या बारकाव्याने स्कॅन केली ही एक गोष्ट आणि डिस्कवर किती बारकावा साठवला ही दुसरी. २०१७ च्या अॅरो आवृत्तीत स्कॅन फोर-के होते, पण डिस्क साधी ब्ल्यू-रे होती, म्हणजे चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे. अल्ट्रा एचडी डिस्कवर ते ३८४० बाय २१६० बिंदूंचे असते. चांगल्या स्कॅनचा फायदा साध्या ब्ल्यू-रेलाही मिळतो, कारण डाग, ओरखडे आणि रंग यांची दुरुस्ती उत्तम मूळ प्रतीवर झालेली असते. आवरणाच्या मागच्या बाजूला तळाशी दिलेले डिस्कचे बोधचिन्ह पाहावे. खरे काय ते तिथे कळते.

८. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवलेली डिस्क पुण्यात चालेल का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर डिस्कच्या प्रकारावर अवलंबून आहे. साध्या ब्ल्यू-रेसाठी जगाचे अ, ब, क असे तीन विभाग केलेले आहेत. डिस्कवर ते ए, बी, सी या इंग्रजी अक्षरांनी दाखवतात. अमेरिका ए मध्ये, ब्रिटन बी मध्ये आणि भारत सी मध्ये येतो. स्क्रीम फॅक्टरीची आवृत्ती ए विभागाची आणि अॅरोची बी विभागाची असल्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या सामान्य ब्ल्यू-रे प्लेअरवर यांपैकी एकही चालणार नाही. सर्व विभागांच्या डिस्क वाचणारा प्लेअर असेल तरच त्या घ्याव्यात. डीव्हीडीचे विभाग वेगळे असतात आणि त्यांत भारताचा क्रमांक ५ आहे. पण सर्व विभाग चालवणारे डीव्हीडी प्लेअर आपल्याकडे सर्रास मिळत आले आहेत, त्यामुळे तिथे सहसा अडत नाही.

फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना विभागाचे कुलूप नसते. न्यू जर्सीत घेतलेली डिस्क डोंबिवलीत बिनतक्रार चालते. त्याच पेटीत सोबत साधी ब्ल्यू-रे असेल तर तिला मात्र विभागाचा नियम लागू होऊ शकतो, म्हणून ती चालेलच असे गृहीत धरू नये.

९. फोर-के डिस्कसाठी माझा जुना ब्ल्यू-रे प्लेअर पुरेल का?

नाही. अल्ट्रा एचडी डिस्क वाचणारा स्वतंत्र प्लेअर लागतो. गेमिंग कन्सोलपैकी डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या डिस्क चालवतात. प्लेस्टेशन ४ प्रो चालवत नाही, आणि एक्सबॉक्स सिरीज एस ला डिस्कची खाचच नाही. टीव्ही फोर-के नसला तरी चित्र दिसेल, पण मग जास्तीचे पैसे कशासाठी मोजले, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

१०. टीव्हीवर वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात. चित्र पूर्ण पडदाभर करता येईल का?

रिमोटवर तशी सोय असते, पण ती वापरू नये. हा चित्रपट अॅनामॉर्फिक, म्हणजे रुंद चित्र आडवे दाबून फिल्मवर उतरवणाऱ्या, भिंगांनी चित्रित केलेला आहे आणि त्याच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट आहे. आजच्या टीव्हीचा पडदा १.७८ पट रुंद असतो, म्हणून उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा पट्ट्यांत जातो. व्हिडिओ कॅसेटच्या काळात जुन्या चौकोनी पडद्यासाठी चित्राच्या कडा कापून टाकत, आणि त्यात या चित्रपटाची सुमारे ४३ टक्के चौकट नाहीशी होत असे. दहा-बारा माणसे एका खोलीत उभी आहेत आणि त्यांतला कोण कोणाकडे पाहतो आहे यावर सगळे अवलंबून आहे, अशा चित्रपटात कडा कापणे म्हणजे साक्षीदार कापणे होय.

११. आवरणावर १०९ मिनिटे लिहिले आहे, पण माझी डीव्हीडी १०४-१०५ मिनिटांतच संपते. दृश्ये कापली आहेत का?

बहुतेक वेळा नाही. फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालते, तर भारत व युरोपातल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर ती २५ चौकटींच्या वेगाने चालवतात. १०९ ला २४ ने गुणून २५ ने भागले की साधारण १०४.६ मिनिटे येतात. दृश्य एकही जात नाही. फक्त आवाज किंचित चढा आणि हालचाल किंचित झटपट होते. ब्ल्यू-रे आणि अल्ट्रा एचडीवर चित्रपट मूळ वेगानेच चालतो.

१२. चित्रात बारीक दाणे दिसतात आणि कितीतरी भाग काळोखात आहे. डिस्क खराब आहे का?

डिस्क ठीक आहे. दाणे हा फिल्मचा स्वभाव आहे. ते पुसून काढले तर त्यांच्यासोबत त्वचेचा, दाढीचा आणि बर्फाचा पोतही पुसला जातो. काळोखही हेतुपुरस्सर आहे. बॉटीनच्या रबरी जीवांवर उजेड जास्त पडला तर ते रबरीच दिसले असते, म्हणून कंडीने त्यांना छोट्या छोट्या प्रकाशझोतांत आणि ओल्या चमकेत अर्धवट दाखवले. टीव्हीवरचा चित्र गुळगुळीत करणारा आणि हालचाल मऊ करणारा असे दोन्ही पर्याय बंद करावेत, चित्राची मांडणी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' यांवर ठेवावी आणि खोलीतले दिवे मालवावेत. दुपारी तीन वाजता खिडकीतून ऊन येत असताना हा चित्रपट पाहून डिस्कला नावे ठेवणाऱ्यांना माझ्याकडे याहून दुसरे उत्तर नाही.

१३. ध्वनीचे इतके पर्याय दिले आहेत. कोणता निवडावा?

साधा टीव्ही असेल तर दोन वाहिन्यांचा निवडावा. घरी अनेक स्पीकर असतील तर स्क्रीम फॅक्टरीच्या आवृत्तीतला ४.१ (चार स्पीकर आणि एक खर्जाचा स्पीकर) पर्याय ऐकण्यासारखा आहे, कारण तो चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतींवरच्या सहा पट्ट्यांच्या मूळ ध्वनीवरून तयार केलेला आहे. मोरिकोनेचे संगीत बहुतेक वेळ हृदयाच्या ठोक्यासारख्या दोन सुरांवर चालते, आणि वाऱ्याचा आवाज त्याच्या जोडीने सतत असतो. दोन्ही कानांना जाणवेल इतपत आवाज ठेवावा. या चित्रपटासाठी रचलेले पण वापरले न गेलेले काही संगीत पुढे २०१५ च्या 'द हेटफुल एट'मध्ये आले आणि त्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळाले. रॅझीचे नामांकन विसरायला तेहतीस वर्षे लागली, एवढेच.

१४. मराठी सबटायटल आहेत का?

प्रश्न ५ मध्ये दिलेल्या विशेष आवृत्त्यांत मराठी सबटायटल नाहीत. इंग्रजी सबटायटल आहेत आणि ती चालू ठेवणेच बरे, कारण पात्रे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि एखादे पुटपुटलेले वाक्यही पुढे महत्त्वाचे ठरते.

१५. घरातल्या मुलांसोबत पाहता येईल का?

पाहू नये. ब्रिटनमध्ये डिस्कला अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे प्रमाणपत्र आहे आणि अमेरिकेत 'आर' (सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही). अंगाची चिरफाड, रूपांतरे आणि कुत्र्यांच्या खोलीतला प्रसंग यांनी मोठ्यांच्याही घशाखाली घास उतरत नाही. कुत्र्यांविषयी हळव्या असणाऱ्यांना एवढेच सांगतो की त्या प्रसंगातला जीव हाताने चालवलेली बाहुली आहे.

१६. पावसाळ्यात डिस्क आणि आवरणे कशी सांभाळावीत?

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत डिस्कपेक्षा आवरणाचे नुकसान आधी होते. पुठ्ठ्याचे बाह्यावरण फुगते, त्यावर बुरशी धरते, आणि पत्र्याच्या स्टीलबुकच्या कडांना गंज चढतो. भिंतीला टेकलेल्या कपाटात डिस्क ठेवू नयेत. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात. ब्ल्यू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, तर डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्ल्यू-रेवर कठीण लेप असला तरी खोल ओरखडा तिला अधिक महागात पडतो. पुसायची झाल्यास मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. जुनी व्हिडिओ कॅसेट असेल आणि फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती प्लेअरमध्ये मुळीच घालू नये. बुरशी फितीवरून प्लेअरच्या हेडवर जाते.

१७. माझ्याकडे २०१६ किंवा २०१७ ची आवृत्ती आहे. फोर-के घ्यावी का? आणि घेतली तर जुनी विकून टाकावी का?

पडदा मोठा असेल आणि प्रश्न ९ मधला प्लेअर असेल तर घ्यावी. बर्फाचा पांढरा आणि रात्रीचा काळा यांतले अंतर त्या डिस्कवर जसे दिसते तसे आधीच्या कोणत्याही डिस्कवर दिसत नाही. जुनी मात्र विकू नये. २०२१ च्या डिस्कवर कार्पेंटर-रसेल समालोचन आणि 'टेरर टेक्स शेप' आहे, पण कंडीचे समालोचन, दूरचित्रवाणीची आवृत्ती आणि अॅरोने नव्याने केलेला 'हू गोज देअर? इन सर्च ऑफ द थिंग' हा माहितीपट तिच्यावर नाही. ज्यांच्याकडे फक्त २००८ ची ब्ल्यू-रे किंवा त्याआधीची डीव्हीडी आहे त्यांनी विचार करत बसू नये. ज्यांच्याकडे काहीच नाही आणि ज्यांना भारतात बसून एकच डिस्क घ्यायची आहे त्यांच्यासाठी, प्रश्न ८ मधल्या कारणामुळे, फोर-के हाच कमी कटकटीचा मार्ग आहे.

१८. या चित्रपटाची दिग्दर्शकाची वेगळी आवृत्ती आहे का? इंटरनेटवर निवेदन असलेली एक प्रत पाहिल्याचे आठवते.

येथून पुढे कथानकाचा उलगडा आहे. दिग्दर्शकाची वेगळी आवृत्ती नाही. चित्रपटगृहात लागली तीच कार्पेंटरची आवृत्ती. निवेदन असलेली प्रत अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी कार्पेंटरच्या सहभागाविना तयार केलेली होती. तिच्यात रक्तपात कापला आहे, पात्रांची ओळख करून देणारा निवेदकाचा आवाज घातला आहे, आणि अखेरीस जळत्या तळाकडे वळून पाहणारा एक कुत्रा दाखवून जीव निसटल्याचे सुचवले आहे. ती स्क्रीम फॅक्टरीच्या आवृत्तीत कमी दर्जाच्या चित्रासह दिली आहे. कुतूहल म्हणून एकदा पाहावी. माणसांची ओळख आधीच करून दिली की संशयाची धार किती बोथट होते, हे तिच्यावरून चांगले कळते.

१९. सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून आलेला नॉर्वेजियन काय ओरडतो? तिथे सबटायटल का येत नाहीत?

तो कुत्र्यापासून दूर व्हा असे ओरडतो. हा कुत्रा नाही, कुत्र्याचे सोंग घेतलेली काहीतरी वेगळीच गोष्ट आहे, अशा अर्थाचे. म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच सगळे रहस्य मोठ्याने सांगून झालेले असते, फक्त ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच ती भाषा येत नसते. अमेरिकन माणसे त्याला गोळी घालतात आणि कुत्र्याला आत घेतात. सबटायटल दिली असती तर आपण त्या माणसांपेक्षा शहाणे झालो असतो, आणि दिग्दर्शकाला तेच नको होते. नॉर्वेमधल्या प्रेक्षकाची मात्र यात पंचाईत झाली.

२०. शेवटी मॅकरेडी (कर्ट रसेलचे पात्र) आणि चाइल्ड्स यांच्यापैकी जीव कोण? एखाद्या आवृत्तीत याचे उत्तर दिले आहे का?

कोणत्याही आवृत्तीत दिलेले नाही, आणि कार्पेंटरनेही जाहीर केलेले नाही. चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ येत नाही म्हणून तो माणूस नाही, असा एक तर्क वर्षानुवर्षे चालत आला आहे. चांगल्या प्रतीत पाहिले तर वाफ आहे, फक्त मॅकरेडीच्या वाफेमागून जसा प्रकाश आहे तसा तिच्या मागे नाही. शिवाय रूपांतर होत असलेल्या बेनिंग्जच्या तोंडातूनही आधी वाफ निघालेली दिसते, त्यामुळे वाफेवरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटी मॅकरेडी चाइल्ड्सला देतो त्या बाटलीत दारूऐवजी पेट्रोल होते, हा दुसरा तर्क. चित्रपटात त्याला आधार देणारे काही नाही. खऱ्या माणसांच्याच डोळ्यांत चमक ठेवली आहे, हा तिसरा. प्रत्येक दृश्याला तो लावून पाहिला की गळून पडतो.

संकलक टॉड रॅमसे याच्या सूचनेवरून मॅकरेडीची सुटका होते आणि रक्ताच्या परीक्षेत तो माणूस ठरतो, असा एक शेवट कार्पेंटरने खबरदारी म्हणून चित्रित करून ठेवला होता. तो वापरला नाही. प्रश्न ५ मधल्या एकाही डिस्कवर तो नाही, त्यामुळे 'गुप्त शेवटासह' अशी जाहिरात करून कोणी प्रत विकत असेल तर ती घेऊ नये.